ऑक्सिजनची नळी घेऊन घरी आलेल्या लेकीच्या रात्री

चिऊचा जन्म २८ व्या आठवड्यातला. वजन ९८० ग्रॅम. ऐन आषाढात ती काचेच्या पेटीत गेली आणि घटस्थापनेच्या सुमारास साताऱ्याला आमच्या घरी आली, ती नाकात ऑक्सिजनची बारीक नळी घेऊनच. तिथून शिमग्यापर्यंतच्या रात्री आम्ही कशा काढल्या ते इथे लिहिते आहे. दवाखान्यातून निघताना आईबापांच्या हातात सूचनांचा कागद देतात. तो चांगलाच असतो. पण घरात सासूबाई असतात, देवघर असतं, परसात बंब असतो, माळ्यावर झोळीची दोरी असते आणि दाराशी पाहुणे असतात. त्या सगळ्यात तो कागद कसा बसवायचा, हे ज्याचं त्यालाच शोधावं लागतं.

आधी आजाराबद्दल. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या फुप्फुसात एक स्निग्ध पदार्थ तयार झालेला असतो. त्याच्यामुळे हवेच्या बारीक पिशव्या श्वास सोडला की चिकटून बसत नाहीत. चिऊ लवकर आली, तेव्हा तो पुरेसा नव्हता. तो औषध म्हणून नळीतून थेट फुप्फुसात दिला. मग व्हेंटिलेटर, मग सीपॅप, म्हणजे नाकातून सतत हवेचा दाब देणारं यंत्र. ज्या यंत्रांनी जीव वाचवला त्यांचा दाब आणि ऑक्सिजन त्या कोवळ्या फुप्फुसांना सोसला नाही. गर्भाच्या हिशेबाने ३६ आठवडे भरले तरी तिचा ऑक्सिजन सुटेना, तेव्हा फाइलवर ‘बीपीडी’ ही अक्षरं आली, म्हणजे ब्रॉन्कोपल्मनरी डिस्प्लेजिया, कमी दिवसांच्या बाळांच्या फुप्फुसांचा लांबणारा आजार. डॉक्टर मॅडमनी समोर बसवून सांगितलं, “हिची फुप्फुसं दुखावलीत. पण या वयात नव्या पिशव्या तयार होत राहतात, पहिली दोन-तीन वर्षं तरी. तुम्ही हिचं वजन वाढवा, हिला सर्दी-खोकल्यापासून जपा आणि ऑक्सिजन कमी पडू देऊ नका. बाकीचं काम शरीर करेल.”

ऑक्सिजन कमी पडला की बाळाची वाढ खुंटते आणि हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो. जास्त झाला तर कमी दिवसांच्या बाळाच्या डोळ्यांच्या पडद्याला धोका असतो. म्हणून डोळ्यांची तपासणी दवाखान्यातच सुरू झाली आणि घरी आल्यावरही तिच्या तारखा चुकवायच्या नाहीत असं बजावलं गेलं. आमच्यासाठी ठरलेला आकडा होता ९३. सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, त्याच्या वर राहायला हवं आणि त्यासाठी मिनिटाला पाव लिटर ऑक्सिजन.

घरी सोडण्याआधी मला आणि नवऱ्याला काही रात्री दवाखान्यातल्याच खोलीत तिच्याबरोबर ठेवलं. सिस्टर बाहेर, आम्ही आत. श्वासाची आठवण करून देणारं कॅफीनचं औषध बंद करून बरेच दिवस झाले होते आणि त्या काळात तिचा श्वास थांबला नव्हता, हे बघूनच सुट्टीची तारीख ठरली. बाहुलीवर आमच्याकडून छातीचे दाब करून घेतले. दोन बोटं छातीच्या मधोमध, स्तनाग्रांच्या रेषेच्या किंचित खाली, दाब साधारण चार सेंटिमीटर खोल, तीस दाबांनंतर दोन श्वास आणि ते बाळाचं तोंड आणि नाक दोन्ही आपल्या तोंडात घेऊन. नवरा शांत माणूस, पण त्या बाहुलीसमोर त्याचे हात थरथरत होते. सिस्टरनी त्याच्याकडून ते पुन्हा पुन्हा करून घेतलं, हात थांबेपर्यंत. घरी तशी वेळ आली नाही. तरीही माझ्या मते सगळ्या शिकवण्यात हेच सर्वांत मोलाचं होतं, कारण पुढच्या प्रत्येक रात्री ‘काही झालं तर आपल्याला काहीतरी करता येतं’ हे माहीत होतं.

आता झोपवण्याचं.

एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, चिऊ पालथी झोपायची. सुरुवातीचे आठवडे आम्ही तिला तसंच पाहिलं होतं, आणि पालथं ठेवलं की पडद्यावरचा आकडा चढतो हेही पाहिलं होतं. म्हणून सुट्टीच्या आधी सिस्टरनी तिला पाठीवर झोपवायची सवय लावली, तेव्हा माझ्या जिवाला घोर लागला. पालथं बरं वाटतं तर पाठीवर कशाला? मॅडमचं उत्तर मला अजून पाठ आहे. तिथे चोवीस तास यंत्र लावलेलं आणि सिस्टर हाताच्या अंतरावर असते, म्हणून पालथं चालतं. घरी झोपताना बाळ पाठीवरच. दुपारी, रात्री, अर्धा तास असो की चार तास. कुशीवरही नाही, कारण कुशीवरचं बाळ सहज पालथं होतं. पाळण्यातल्या अचानक मृत्यूंचा धोका पालथ्या झोपेत वाढतो आणि कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळांना तो मुळातच जास्त असतो. अमेरिकेत १९९४ साली ‘बाळाला पाठीवर झोपवा’ अशी मोठी मोहीम निघाली आणि पुढच्या काही वर्षांत तिथले असे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, हेही त्यांनी सांगितलं.

सासूबाईंची भीती वेगळी होती. “अगं, पाठीवर निजलेलं पोर दूध ओकलं तर घशात जाणार नाही का?” हा प्रश्न जवळपास प्रत्येक घरात निघतो आणि तो अडाणीपणाचा मुळीच नाही. मी तो मॅडमपर्यंत नेला. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. पाठीवर असताना श्वासनळी वर आणि अन्ननळी खाली असते, त्यामुळे वर आलेलं दूध श्वासनळीत शिरायला चढावं लागतं. पालथं केलं की उलट होतं. तो कागद मी घरी आणला आणि सासूबाईंना दिला. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिला आणि भिंतीवर चिकटवायला सांगितला. त्यानंतर भेटायला आलेल्या प्रत्येक बाईला तो त्यांनीच समजावला.

झोळीचा प्रश्न मात्र इतका सोपा नव्हता. माझ्या नवऱ्यापासून साऱ्या भावंडांपर्यंत घरातली सगळी पोरं सासूबाईंच्या नऊवारीच्या झोळीत वाढली. ते लुगडं धुऊन, घडी घालून त्यांनी चिऊसाठी ठेवलं होतं. झोळीत बाळाची पाठ गोल होते, मान पुढे येते आणि हनुवटी छातीला टेकते. धडधाकट बाळ मान थोडी वळवून घेतं. ज्याची मान अजून धरत नाही आणि ज्याला प्रत्येक श्वासाला जोर लावावा लागतो, त्याची श्वासाची वाट त्या वळणावर अरुंद होते, आणि रडण्याइतकीही ताकद नसेल तर ते निपचित पडून राहतं. हेच गाडीतल्या सीटला, झुल्याला, उतरत्या पाळण्याला लागू. मी हे सांगितल्यावर सासूबाई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग त्यांनी ते लुगडं फाडून त्याची दुपटी शिवली. मऊ, जुनं सूत, प्रत्येकाला हाताने घातलेली दुमड. चिऊच्या अंगाला पहिल्यापासून तेच लागलं.

सुताराने सागवानी गजांचा छोटा पलंग करून दिला. दोन गजांतलं अंतर सहा सेंटिमीटरपेक्षा कमी, म्हणजे डोकं अडकणार नाही. गादी काथ्याची, कडक, चारी बाजूंनी पलंगाला घट्ट बसणारी. नेहमीच्या कापसाच्या गादीला मध्ये खड्डा पडतो, ती ठेवली नाही. वर ताणून खोचलेली चादर, आणि बस्स. उशी नाही, गोधडी नाही, कडेला तक्के नाहीत, खेळणी नाहीत. राईची उशी आधीच आली होती, माझ्या आईने पाठवलेली. डोकं गोल व्हावं म्हणून. चिऊचं डोकं एनआयसीयूतल्या बाळांचं असतं तसं लांबट झालं होतं, त्यामुळे तिची तगमग मला कळत होती. पण उशीने मान पुढे झुकते, आणि त्या पिशवीत तोंड गेलं तर ते बाहेर काढण्याइतकी ताकद बाळात नसते. डोक्याच्या आकारासाठी आम्ही तिला जागेपणी, आमच्या डोळ्यांसमोर, दिवसातून बरेचदा पालथं घालायचो. हळूहळू डोकं भरत गेलं.

थंडीचं काय करायचं यावर घरात सर्वांत जास्त बोलणी झाली. साताऱ्याचा मार्गशीर्ष-पौष बोचरा असतो आणि इतक्या लहान बाळाला थंडी लागून चालत नाही. पण अंगावर सुटं पांघरूण टाकलं की ते तोंडावर सरकतं, आणि फार उबारा झाला तरी धोका वाढतो. तोडगा असा निघाला की कपड्यांचे थर घालायचे, पांघरूण नाही. आत सुती झबलं, वर पूर्ण बाह्यांचं, पायमोजे, आणि छातीपासून खाली पिशवीसारखं शिवलेलं दुपटं, ज्यात पाय मोकळे हलतात. टोपडं बाहेर नेताना आणि आंघोळीनंतर. रात्री कानाखाली बंद बांधायची कुंची नाहीच, कारण ती सरकली की थेट नाकावर. बाळाला ऊब पुरते आहे की नाही ते हातपाय चाचपून कळत नाही, ते गारच लागतात. मानेच्या मागे किंवा पोटावर हात ठेवून बघायचं. तिथे घाम लागला तर एक थर कमी. गळ्यातला काळा दोरा काढला, तीट कपाळावर ठेवली. तीट लावायला मॅडमची हरकत नव्हती, दोऱ्याला होती.

ऑक्सिजनचं यंत्र, म्हणजे कॉन्सन्ट्रेटर, आम्हाला गावातल्या एका मंडळाकडून मिळालं. २०२१ च्या कोरोनाच्या लाटेत लोकांनी वर्गणी काढून घेतलेली यंत्रं अनेक ठिकाणी झाकून ठेवलेली आहेत, त्यातलंच एक. ते खोलीतल्या हवेतला नायट्रोजन काढून टाकतं आणि ९० टक्क्यांच्या वर शुद्धतेचा ऑक्सिजन देतं. पण अशा यंत्रावरचा काटा मोठ्या माणसांच्या हिशेबाचा असतो, त्यावर पाव लिटर मोजता येत नाही. बाळासाठी कमी प्रवाहाचा वेगळा फ्लोमीटर लावावा लागतो. आमच्याकडे तो दवाखान्यातल्या तंत्रज्ञाने बसवून दिला. कुणी यंत्र देऊ करत असेल तर आधी हे विचारा. अंदाजाने काटा फिरवू नका.

नळीचीही एक रीत आहे. नाकापाशी ती गालांवर मऊ पट्टीवर मायक्रोपोरने चिकटवायची, मग कानांवरून न नेता कपड्याच्या आतून पाठीमागून पायाकडे काढायची आणि पलंगाच्या पायथ्याशी बाहेर. म्हणजे झोपेत हात-पाय हलले तरी गळ्याभोवती वेढा पडत नाही. यंत्र पलंगापासून दूर, भिंतीला न टेकवलेलं, कारण त्याला हवा ओढायला जागा लागते. नाकाला खरवड आली की कोकम तेल, खोबरेल, व्हॅसलीन काही लावायचं नाही, कारण ऑक्सिजनजवळ तेलकट पदार्थ धोक्याचे. पाण्यात विरघळणारं मलम मॅडमनी लिहून दिलं. आणि नाकात तेलाचे थेंब सोडायची आपली जुनी रीत कुठल्याच बाळाला नको. ते तेल थेट फुप्फुसात उतरू शकतं आणि तिथे बसून न्यूमोनियासारखा त्रास देतं. नाक चोंदलं की साधं सलाइन, दोन-दोन थेंब, दूध पाजण्याआधी आणि रात्री झोपवण्याआधी. एवढी लहान बाळं मुख्यतः नाकानेच श्वास घेतात, त्यामुळे त्यांचं नाक मोकळं ठेवणं फार मोठी गोष्ट आहे.

मग आला धूर. आमचं घर जुन्या वळणाचं. देवघर माजघरात, त्याला लागूनच बाळंतिणीची खोली. समई, उदबत्ती, संध्याकाळचा धूप. न्हाऊ घातल्यावर ओवा-शेपांची धुरी. परसात लाकडांचा बंब. ऑक्सिजनजवळ ज्योत नको हे कारण सगळ्यांना लगेच पटलं, यंत्रापासून निदान दहा फूट. पण विझलेल्या उदबत्तीचा धूरही बाळाला नको हे पटायला वेळ लागला. इथे सासरे पुढे आले. आयुष्यभर त्यांनी दोन वेळची पूजा केली आहे. त्यांनी देव उचलून ओसरीच्या पलीकडच्या खोलीत नेले आणि म्हणाले, “देवाला काय, कुठंही दिवा चालतो. पोरीला इथलीच हवा लागते.” बंबाऐवजी पाणी गॅसवर तापवू लागलो. डासांची कॉइल बंद करून मच्छरदाणी आली, पलंगाच्या चौकटीवरून ताणून बांधलेली, आत लोंबणारी नाही. धुरीची मात्र मोठी अडचण झाली, कारण ती केल्याशिवाय न्हाणं पुरं होत नाही असं माझ्या आईलाही वाटत होतं. शेवटी ओवा तव्यावर कोरडा भाजून त्याची पुरचुंडी माझ्याच पाठीला शेकायला वापरली. बाळंतपणाचा ओवा वाया गेला नाही, यात दोघींचं समाधान झालं.

बाहेरच्या धुराचं काही करता येत नव्हतं. कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की ऊस तुटलेल्या रानांत पाचट पेटतं आणि काजळी अंगणात येऊन पडते. त्या संध्याकाळी खिडक्या लावून, फरशी ओल्या फडक्याने पुसून घ्यायची. दिवाळीत आमच्या गल्लीतल्या पोरांनी फटाके मैदानावर नेऊन उडवले, कुणी न सांगता. विडी ओढणाऱ्या एका नातलगांना मात्र सांगावंच लागलं की ओढून आलात तर कपडे बदलून, हात धुऊनच खोलीत या. त्यांना वाईट वाटलं. ते मी चालवून घेतलं.

आता रात्रीचा क्रम. आम्ही पाळ्या लावल्या. रात्री नऊ ते दोन नवरा, दोन ते सहा मी, आणि सहानंतर सासूबाई. ज्याची पाळी नाही त्याने दुसऱ्या खोलीत जाऊन खरोखर झोपायचं. ही शिस्त मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, कारण दमलेलं माणूस खुर्चीवर किंवा सोफ्यावर बाळाला छातीशी धरून झोपून जातं आणि तीच जागा सर्वांत धोक्याची. बाळ माणसाच्या आणि गादीच्या फटीत घसरतं, नाक दबतं, आणि कुणाला कळतही नाही. म्हणून दूध पाजून झाल्यावर तिला उभं धरायचं ते खोलीत दिवा लावून, पाटावर ताठ बसून. डोळे मिटायला लागले तर लाज न बाळगता दुसऱ्याला उठवायचं. नवऱ्याने मला उठवलं आहे, मीही त्याला उठवलं आहे.

चिऊला कुशीत घेऊन झोपायची माझी इच्छा किती तीव्र होती ते लिहून सांगता येणार नाही. कितीतरी आठवडे काचेपलीकडे बघितलेलं मूल. पण अकाली जन्मलेल्या, ऑक्सिजनवरच्या बाळाला आईच्या अंथरुणात झोपवायचं नाही, हे स्पष्ट सांगितलं होतं. खोली एकच, अंथरूण वेगळं. तिचा पलंग माझ्या खाटेला लागून, माझा हात गजांतून तिच्या पायाला पोहोचेल असा. कुशीची भूक मी दिवसा भागवली. पूर्ण जागी असताना, कुणीतरी जवळ असताना, तिला उघड्या छातीवर घेऊन कांगारूसारखं बसायचे. तेव्हा तिचा आकडा ९७-९८ ला जाऊन थांबायचा.

पायाला प्रोब, म्हणजे प्रकाशाची छोटी पट्टी, लावून रात्रभर ऑक्सिमीटर चालायचा. हे यंत्र ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने १९७० च्या दशकात मांडलेल्या कल्पनेतून आलं. बोटातून प्रकाश पाठवून रक्तातला ऑक्सिजन ओळखायचा, सुई न टोचता. त्या माणसाचे आभार मी मनात कितीदा मानले असतील. पण हे यंत्र खोटंही बोलतं. पाय गार पडला, बाळाने लाथ मारली, प्रोब सैल झाला की आकडा ७० वर येतो आणि अलार्म घर डोक्यावर घेतो. म्हणून आमचा नियम होता की आधी बाळ बघायचं, मग आकडा. छाती हलते का? ओठ, जीभ, हिरड्या गुलाबी आहेत का? सावळ्या बाळात अंगाचा रंग फसवतो, जीभ फसवत नाही. बाळ ठीक दिसलं आणि यंत्रावरची नाडीची लाट वेडीवाकडी असली तर प्रोब नीट लावायचा. बाळ ठीक दिसलं नाही तर तळव्याला टिचकी मारून, पाठ चोळून त्याला जागं करायचं आणि लगेच नळी तपासायची. नाकातून निसटली का, कुठे दुमडली का, आत पाणी साचलं का, यंत्र चालू आहे का. एवढ्याने आकडा चढला नाही तर मॅडमनी लिहून दिलेल्या मर्यादेपर्यंत प्रवाह वाढवायचा आणि १०८ ला फोन. हा क्रम मोठ्या अक्षरात पलंगाशेजारी लावला होता. प्रोबची जागा दर काही तासांनी या पायावरून त्या पायावर बदलायची, नाहीतर कातडीला चट्टा पडतो.

पहिल्या रात्रींत मला सर्वांत घाबरवलं ते तिच्या श्वासाच्या लयीने. भरभर चार-सहा श्वास, मग थांबा. पुन्हा भरभर, पुन्हा थांबा. हे लहान बाळांत असतंच. पाच-दहा सेकंदांचा विसावा, रंग न बदलता, म्हणजे काळजीचं नाही. वीस सेकंद थांबला, किंवा त्याआधीच बाळ निळसर किंवा ढिलं पडलं, तर ते वेगळं. घड्याळाचा काटा बघत मोजायला शिकल्यावर माझी भीती आटोक्यात आली.

परतीच्या पावसात एका रात्री वीज गेली. विजांचा कडकडाट आणि त्यात कॉन्सन्ट्रेटरची किंचाळी. त्यासाठी खोलीत बी टाइप सिलिंडर भिंतीला साखळीने उभा बांधून ठेवला होता, काळा, पांढऱ्या खांद्यांचा. त्यात साधारण दीड हजार लिटर वायू असतो, म्हणजे पाव लिटरने कागदावर शंभर तास. मॅडमनी निम्म्यावरच भरवसा ठेवायला सांगितलं होतं. नवरा आणि मी हा बदल दिवसाउजेडी, मग डोळे मिटून, करून पाहिला होता. रेग्युलेटर आधीच लावलेला. टॉर्चच्या उजेडात नळी इकडून काढून तिकडे लावली, काटा बघितला, चिऊ झोपलेलीच. ती रात्र आणि दुसऱ्या दिवसाची दुपार सिलिंडरवर गेली.

खरी परीक्षा पौषात झाली. घरात सर्दी शिरली. आम्ही हात धूत होतो, मास्क लावत होतो, बारसंही चारच माणसांत केलं होतं, लशी जन्मतारखेप्रमाणे वेळेवर दिल्या होत्या, तरी शिरली. संध्याकाळी चिऊने बोंडल्यातलं दूध अर्ध्यावर सोडलं. रात्री नाकपुड्या फुलायला लागल्या. मी झबलं वर करून, ती शांत झोपलेली असताना, पूर्ण एक मिनिट श्वास मोजले. आशाताईंनी शिकवलेलं लक्षात होतं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, म्हणजे वेगाने श्वास. चिऊचे एरवीही थोडे जास्तच असायचे, त्यामुळे तिचा रोजचा आकडा मी वहीत लिहून ठेवत होते. त्या रात्री तो फार वर होता, आणि श्वास घेताना फासळ्यांखालची जागा आत ओढली जात होती. आपल्याकडे याला पोट उडणं म्हणतात, डबा झाला म्हणतात. कुठे कुठे अजून पोटाला चटके देतात, बिब्बा लावतात. ते कुणी करू नये म्हणून पाया पडायची माझी तयारी आहे. बाळ श्वासासाठी झगडत असतं, त्याला त्या क्षणी ऑक्सिजन आणि दवाखाना लागतो, दुसरं काही नाही.

आकडा अजून ९२ होता, ठरलेल्या ९३ च्या जरासाच खाली. तरी आम्ही निघालो. यंत्र फार वाईट सांगत नव्हतं, बाळ सांगत होतं. १०८ मध्ये ऑक्सिजन लावून दवाखान्यात पोहोचेपर्यंत ८८ झाला होता. ब्रॉन्किओलायटिस निघाला, छोट्या श्वासनळ्यांचा विषाणूचा संसर्ग. काही दिवस जास्त प्रवाहाच्या ऑक्सिजनवर ठेवलं, नाक साफ करत राहिले, नळीने दूध दिलं, आणि ती सावरली. मॅडम म्हणाल्या, पहाटेपर्यंत थांबला असतात तर व्हेंटिलेटर लागला असता कदाचित.

माघ संपता संपता दिवसाचा ऑक्सिजन कमी करायला सुरुवात झाली. आधी जागेपणी तासभर नळीशिवाय, मग दुपारपर्यंत, मग दिवसभर. रात्र सगळ्यात शेवटी, कारण झोपेत श्वास उथळ होतो आणि आकडा घसरतो. रात्रभराची नोंद यंत्रात साठवून ती दवाखान्यात दाखवली. तिथे ती बघून, वजनाचा आलेख बघून, हृदयाची सोनोग्राफी करून मगच हो म्हणाले. आमच्या मनाने आम्ही एकही रात्र नळी काढली नाही. गालांवर पट्टीचे दोन फिकट चौकोन राहिले होते, ते पुढे उन्हात मिसळून गेले.

आता चिऊ स्वतः दोन्हीकडून लोळते. झोपवताना आम्ही पाठीवरच ठेवतो. झोपेत ती आपण होऊन वळली तर तशीच राहू देतो, पण पलंगात अजून काहीही सुटं ठेवत नाही. दुपट्याची पिशवी काढून टाकली, आता पायजमा. सहा महिने पूर्ण झाल्यावर फ्लूची लस दिली आणि घरातल्या सगळ्यांनी घेतली, सासऱ्यांनीही.

कॉन्सन्ट्रेटर मंडळाला परत गेला आणि तिथून कोरेगावकडच्या एका घरी, चिऊसारख्याच एका बाळासाठी. त्या बाळाची आई मला रात्री-अपरात्री फोन करते. पहिल्या फोनवर मी तिला सांगितलं ते हे: फ्लोमीटर लहान बाळाचाच आहे ना ते वाचून दाखव, सासूबाईंना फोनवर घे म्हणजे माझ्या सासूबाई त्यांच्याशी बोलतील, आणि सिलिंडरची चावी सिलिंडरलाच दोरीने बांधून ठेव.